उंबरठ्याशी आलेला कायोटी आणि आपली अमानत



अल्लाहने मानवाला या पृथ्वीवर आपला खलीफा म्हणून पाठविले, हे आपण प्रवचनांतून आणि ग्रंथांतून वारंवार ऐकत असतो. खलीफा म्हणजे मालक नव्हे. मालकाने सोपविलेली वस्तू सांभाळणारा आणि एके दिवशी तिचा हिशेब देणारा असा तो विश्वस्त असतो. या विश्वस्ताची परीक्षा कोठे होते? गाय, शेळी, मांजर यांच्यावर प्रेम करणे फारसे कठीण नसते. त्यांच्यापासून आपल्याला दूध मिळते, सोबत मिळते. परीक्षा होते ती ज्या जीवापासून आपल्याला काहीच मिळत नाही, उलट ज्याची भीती वाटते, त्याच्याशी वागताना. या लेखात अशाच एका जीवाच्या निमित्ताने आपण विचार करू या.

आपल्यापैकी अनेक घरांतील मुले-मुली आज अमेरिका व कॅनडात स्थायिक झाली आहेत. शिकागो, लॉस एंजेलिस, टोरांटो अशा महानगरांच्या उपनगरांत त्यांची घरे आहेत. पुढे हिरवळ, मागे अंगण, पलीकडे झाडी किंवा एखादा ओढा. या वस्त्यांत कायोटी नावाचा एक वन्य प्राणी वावरतो. आपल्याकडील कोल्ह्याचा हा जवळचा नातलग, मात्र अंगाने त्याहून थोराड. प्रौढ कायोटीचे वजन साधारणतः ९ ते २० किलो भरते. रात्री बाहेर गेलेली मांजर सकाळी परतली नाही, अंगणात सोडलेला लहान कुत्रा उचलला गेला, अशा वार्ता फोनवरून इकडच्या आजी-आजोबांच्याही कानी पडतात आणि नातवंडांच्या काळजीने त्यांचा जीव कासावीस होतो.

अशा वेळी कुटुंबापुढे तीन मार्ग उभे राहतात. कोणी म्हणतो, या प्राण्याला ठार करून टाकावे. कोणी म्हणतो, राखणारा अल्लाह आहे, आपण कशाला चिंता करावी? आणि एखादा कोमल मनाचा माणूस म्हणतो, तोही भुकेला जीव आहे, त्याला दोन घास घालावेत. पहिल्या मार्गात कुटुंबाचे रक्षण दिसते, दुसऱ्यात ईश्वरावरील भरवसा दिसतो आणि तिसऱ्यात दया दिसते. तिन्ही गुण आपल्या धर्माला प्रिय आहेत. तरीही हे तिन्ही मार्ग सरळ वाटेवरून ढळलेले आहेत. कसे, ते पाहू.

अपराधी कोण?

प्रथम हा प्राणी आपल्या दाराशी का आला, हे समजून घेतले पाहिजे. कायोटी हा मूळचा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम व मध्य भागांतील माळरानांचा रहिवासी. युरोपातून आलेल्या वसाहतकारांनी जंगले तोडली, शेते केली आणि बहुतेक प्रदेशांतून लांडग्यांचा समूळ नाश केला. लांडगा हा कायोटीचा मोठा प्रतिस्पर्धी होता. तो गेला आणि मोकळी झालेली भूमी कायोटीने व्यापली. आज हवाई वगळता अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात तो आढळतो. म्हणजे ज्याला आपण घुसखोर म्हणतो, त्याच्यासाठी दार माणसानेच उघडले होते.

त्याला वस्तीत काय मिळते, हेही पाहण्यासारखे आहे. शिकागो शहर ज्या कुक काउंटीत आहे, तेथे इ.स. २००० पासून स्टॅन्ली गेर्ट या शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली शहरी कायोटींचा सातत्याने अभ्यास चालू आहे. या प्राण्यांच्या विष्ठेच्या शेकडो नमुन्यांची तपासणी करण्यात आली. सुमारे ४२ टक्के नमुन्यांत उंदरांसारख्या लहान कुरतडणाऱ्या प्राण्यांचे अवशेष मिळाले. त्याखालोखाल फळे, हरीण आणि ससे होते. मांजरांचे अवशेष दोन टक्क्यांहूनही कमी नमुन्यांत होते. याचा अर्थ मांजर सुरक्षित आहे असा होत नाही. ज्या घरातील मांजर गेली, त्या घरातील मुलाचे दुःख टक्केवारीने हलके होत नाही. परंतु हा प्राणी आपल्या वैरासाठी जगत नाही, त्याचा बराचसा दिवस उंदीर वेचण्यात जातो, एवढे यावरून निश्चित कळते.

इस्लामी शिकवण येथे एक मूलभूत भेद करते. माणूस हा मुकल्लफ आहे, म्हणजे धर्माज्ञांनी बांधलेला व उत्तरदायी आहे. जनावर तसे नाही. मुक्या जनावराने केलेल्या दुखापतीबद्दल त्या जनावरावर दोष नाही, अशा आशयाची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. कायोटीने मांजर धरली तर त्याने चोरी केली नाही, खून केला नाही. अल्लाहने त्याच्या स्वभावात जे घातले ते त्याने केले. पवित्र कुरआनात (६:३८) सांगितले आहे की, पृथ्वीवर चालणारे पशू आणि पंखांनी उडणारे पक्षी हेही तुमच्यासारखेच समुदाय आहेत. ज्याच्यावर दोष नाही त्याचा सूड घेता येत नाही. त्याला रोखता येते, दूर ठेवता येते आणि तसे करणे आपले कर्तव्यही ठरते. परंतु रोखणे आणि सूड घेणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर सांभाळणे हेच मुकल्लफ असण्याचे लक्षण आहे.

ठार करण्याचा मार्ग

येथे कोणी म्हणेल, हानिकारक जनावरांना मारण्याची अनुमती तर हदीसमध्येच आहे. हे खरे आहे. कावळा, घार, विंचू, उंदीर आणि चावरा कुत्रा यांना हरमच्या पवित्र भूमीतही मारता येते, असे आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. इमाम मालिक यांनी यातील चावऱ्या कुत्र्याच्या अर्थात माणसांवर हल्ला करणाऱ्या सिंह, चित्ता, लांडगा यांसारख्या हिंस्र पशूंचाही समावेश केला. पुढील फकीहांनी यावर सविस्तर लिहिले आणि तपशिलांत त्यांचे मतभेद झाले. कोकणातील आपले शाफई बांधव आणि देशावरील हनफी बांधव यांनी आपापल्या आलिमांकडून ते जाणून घ्यावेत. परंतु एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हदीसमध्ये नुसता ‘कुत्रा’ हा शब्द नाही, ‘चावरा’ हे विशेषण त्याला जोडलेले आहे. अनुमतीचे मूळ त्या उपद्रवात आहे. कुत्र्यांविषयीच अन्य एका हदीसचा आशय असा आहे की, कुत्रे हाही समुदायांपैकी एक समुदाय नसता, तर त्यांना मारण्याचा आदेश मी दिला असता. म्हणजे एका संपूर्ण जातीला पृथ्वीवरून पुसून टाकण्याच्या विचारापुढे पैगंबरांनी (स.) सीमारेषा आखून दिली.

आता अनुभव काय सांगतो, ते पाहू. अमेरिकेत शतकाहून अधिक काळ कायोटींना मारण्याचे प्रयत्न चालू आहेत. बंदुका झाल्या, सापळे झाले, विष झाले, मारणाऱ्याला बक्षिसे झाली. अलीकडच्या काळातही तेथील सरकारी यंत्रणा दरवर्षी हजारो कायोटी मारीत आली आहे. इतके करूनही त्यांचा प्रदेश घटला नाही, उलट वाढला. याचे कारण त्यांच्या कुटुंबरचनेत आहे. एका टापूत साधारणतः एकच नर-मादीची जोडी पिले देते आणि इतरांना तेथे येऊ देत नाही. ही जोडी मारली गेली की मोकळ्या टापूत दुसरे कायोटी येतात आणि कधी कधी अधिक माद्या पिले देऊ लागतात. जुना कायोटी माणसाला बिचकून राहण्यास शिकलेला असतो, नवा कसा निघेल हे सांगता येत नाही. विषाचा दोष तर त्याहून मोठा आहे. विष कायोटीची निवड करीत नाही. ते शेजाऱ्याच्या कुत्र्यालाही लागते, घुबडालाही लागते आणि अजाण बालकालाही लागू शकते. स्वतः हानी सोसू नये आणि दुसऱ्यालाही हानी पोहोचवू नये, हे इस्लामी कायद्याचे प्रसिद्ध सूत्र आहे. विष ठेवणारा माणूस ते सूत्र उघडपणे मोडतो.

नुसत्या भरवशाचा मार्ग

दुसरा मार्ग ‘तवक्कुल’च्या नावाने चालतो. एका माणसाने पैगंबरांना (स.) विचारले, उंटिणीला बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू की मोकळी सोडून? उत्तर मिळाले, आधी बांध आणि मग भरवसा ठेव. ही हदीस आपण मुलांना शिकवितो आणि रात्री मांजरीला मात्र बाहेर सोडून दार लावून घेतो.

पाळीव प्राण्याला आपण आपल्या इच्छेने घरात आणलेले असते. त्याचे रानातले सामर्थ्य आपण काढून घेतलेले असते. म्हणून त्याचे रक्षण हा आपल्यावरील हक्क आहे, ती आपली कृपा नाही. सातव्या हिजरी शतकातील थोर शाफई विद्वान इज्जुद्दीन इब्ने अब्दुस्सलाम यांनी मालकावर असलेल्या जनावरांच्या हक्कांची गणना केली आहे. चारापाणी द्यावे, झेपणार नाही असे ओझे लादू नये, याबरोबरच त्यांनी एक हक्क असाही सांगितला की, त्याला इजा करील अशा कोणत्याही प्राण्यासोबत त्याला ठेवू नये. सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वीचे हे वाक्य आजच्या उपनगरातील अंगणालाही तंतोतंत लागू पडते. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाली, ही हदीस आपल्याला ठाऊक आहे. मांजरीला धोक्यात मोकळे सोडणाऱ्याने आपल्याला कोणता जाब द्यावा लागेल, याचाही विचार करावा.

मदीनेत एकदा एका सहाबींची उंटीण दुसऱ्याच्या बागेत शिरली आणि तिने नासधूस केली. तेव्हा पैगंबरांनी (स.) निवाडा दिला की, दिवसा बागेची राखण बागवाल्याने करावी आणि रात्री जनावरांची राखण जनावरवाल्याने करावी. हा निवाडा शेतीच्या नुकसानीबद्दलचा आहे. तरी त्यातून एक गोष्ट कळते. रात्र झाली की जनावर कोठे आहे हे पाहणे, हे त्याच्या धन्याचे काम असते.

मुलांविषयी तर याहून स्पष्ट सूचना आहे. रात्रीचा अंधार उतरू लागला की मुलांना आवरून घरात घ्यावे, दारे लावावीत, भांडी झाकावीत, असा आदेश बुखारीच्या संग्रहात आहे. त्या हदीसमध्ये याचे कारण सैतानांचा संचार असे दिलेले आहे आणि ते आपल्या जागी सत्य आहे. वस्तीतील कायोटीही माणसाची वर्दळ टाळण्यासाठी मुख्यतः रात्री आणि संधिप्रकाशात हिंडतात. पैगंबरांची (स.) शिकवण पाळणाऱ्या घराला हे आणखी एक संरक्षण आपोआप लाभते.

अजाण दयेचा मार्ग

तिसरा मार्ग सर्वांत फसवा आहे, कारण तो पुण्याच्या रूपात समोर येतो. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्या माणसाला क्षमा मिळाली. प्रत्येक सजीवाशी केलेल्या उपकाराचे फळ आहे, असे पैगंबरांनी (स.) सांगितले. मग अंगणात येणाऱ्या कायोटीला मांसाचा तुकडा टाकला तर बिघडले कोठे?

बिघडते ते असे. त्या विहिरीजवळचा कुत्रा तहानेने माती चाटत होता. त्याची गरज खरी होती आणि पाणी पिऊन तो आपल्या वाटेने गेला. उपनगरातील कायोटीला उंदीर, ससे, फळे सर्व काही उपलब्ध आहे. त्याची रोजी अल्लाहने ठेवलेली आहे. प्रत्येक प्राण्याची रोजी अल्लाहकडे आहे, हे कुरआनात (११:६) स्पष्ट सांगितले आहे. त्याला माणसाच्या हातचे अन्न मिळू लागले की त्याची भीती चेपते. तो दिवसाढवळ्या दाराशी येतो आणि मिळाले नाही तर अंगावर येण्यासही कचरत नाही. मग शेजारी तक्रार करतो आणि अखेर तो प्राणी मारला जातो. घास घालणारा दयेचे समाधान घेऊन झोपी जातो. त्या दयेची किंमत मात्र कायोटी आपल्या जिवाने देतो आणि कधी शेजारचे मूल आपल्या रक्ताने देते. १९८१ साली कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल येथे तीन वर्षांची एक बालिका आपल्याच घरापुढे कायोटीच्या हल्ल्यात मरण पावली. माणसाचा मृत्यू होण्याची नोंद अमेरिका व कॅनडा मिळून दोनच घटनांची आहे. दुसरी घटना २००९ साली कॅनडातील एका राष्ट्रीय उद्यानात घडली. अशा घटना अत्यंत विरळ आहेत. तरीही एका बालकाच्या जिवाचे मोल आपण जाणतोच.

दया ही ज्ञानाशिवाय अपुरी असते. ज्याचे भले करावयाचे, त्याचे भले कशात आहे हे न पाहता केलेले दान हे बहुधा स्वतःच्या मनासाठीच केलेले असते.

हे अन्न आपण जाणूनबुजूनच घालतो असेही नाही. मांजरीचे खाणे रात्रभर बाहेर राहिले, झाडाखाली फळांचा सडा पडून राहिला, पक्ष्यांसाठी ठेवलेल्या दाण्यांवर उंदीर जमू लागले, की कायोटीला निमंत्रण गेलेच. रमजानमध्ये इफ्तारचे उरलेले अन्न, बकरी ईदनंतरची हाडे व चरबी घट्ट झाकण नसलेल्या डब्यात बाहेर ठेवणे हाही त्यातलाच प्रकार. अन्नाची नासाडी हा इसराफ आहेच, येथे तो शेजाऱ्याला धोकाही बनतो. आपल्याकडेही हे पाहावयास मिळते. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला कचरा साचतो, कचऱ्यावर भटकी कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या वस्तीत येतो. देश वेगळा, प्राणी वेगळा, पण कारण तेच.

मध्यम मार्ग

मग करावे काय? आक्रमकाला परतवून लावण्याविषयी फकीहांनी एक सुंदर शिस्त घालून दिली आहे. सातव्या हिजरी शतकातील इमाम नववी यांनी ती नेमकेपणाने मांडली. सर्वांत हलक्या उपायाने सुरुवात करावी. बोलण्याने किंवा ओरडण्याने भागत असेल तर मारणे निषिद्ध, हाताने भागत असेल तर चाबूक निषिद्ध, चाबकाने भागत असेल तर काठी निषिद्ध. हिंस्र वन्य पशूला ही शिस्त किती लागू होते, यावर फिक्हच्या ग्रंथांत चर्चा आहे. परंतु तिच्यामागील न्यायबुद्धी सर्वत्र उपयोगी आहे. आश्चर्य असे की, कायोटीबाबत आजचे वन्यजीव तज्ज्ञ जे सांगतात, ते याच क्रमाचे आहे.

पहिली पायरी घराची व्यवस्था. मांजर घरातच ठेवावी, निदान सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत तरी. कोंबड्या व ससे रात्री छप्पर असलेल्या मजबूत खुराड्यात असावेत. ज्यांच्याकडे राखणीचा कुत्रा आहे, त्यांनी त्याला अंगणात एकटे सोडू नये आणि फिरवताना आखूड पट्ट्याने धरावे. कुंपण किमान सहा फूट उंच असावे आणि खालून उकरता येऊ नये म्हणून त्याची जाळी जमिनीत गाडलेली असावी. पाळीव प्राण्यांना रेबीजची लस वेळेवर द्यावी. कचऱ्याचा डबा बंद असावा.

दुसरी पायरी म्हणजे समोरासमोर गाठ पडल्यास करावयाचे वर्तन. फज्र किंवा इशाच्या नमाजला मुलांसह पायी जाताना कायोटी दिसला तर पळू नये, पाठही फिरवू नये. पळणाऱ्याचा पाठलाग करणे हा त्याचा स्वभाव आहे. लहान मुलाला व लहान प्राण्याला उचलून घ्यावे. ताठ उभे राहून हात उंच करावेत, मोठ्याने ओरडावे, टाळ्या वाजवाव्यात आणि तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागे सरावे. अंगणात आल्यास पाण्याचा फवारा किंवा नाणी घातलेल्या डब्याचा खडखडाट पुरतो. तो निघून जाईपर्यंत हे थांबवू नये. अर्धवट सोडल्यास, माणूस नुसताच ओरडतो, हे तो शिकतो. एप्रिल-मे हा पिलांच्या जन्माचा काळ. त्या दिवसांत आणि पुढील उन्हाळ्यात एखादा कायोटी काही अंतर ठेवून मागून चालताना दिसला, तर तो बहुधा आपल्या पिलांपासून तुम्हाला दूर नेत असतो. तेव्हा त्याला न डिवचता आपण वाट बदलावी. आई-बापाची काळजी आपल्याला समजू नये, इतके आपण कठोर नाही.

तिसरी पायरी म्हणजे यंत्रणेची मदत. आजारी, लडखडणारा, माणसाला मुळीच न भिणारा किंवा अंगावर येणारा कायोटी दिसला तर स्थानिक प्राणी नियंत्रण विभागाला कळवावे. चावा बसल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पुष्कळ वेळ धुवून ताबडतोब डॉक्टरांकडे जावे, रेबीजच्या बाबतीत विलंब प्राणघातक ठरतो. हल्ला करणाऱ्या जनावराला मारण्याची वेळ आलीच, तर ते काम कायद्याने ज्यांच्याकडे दिले आहे त्यांनी करावे आणि कमीत कमी यातना देऊन करावे. अल्लाहने प्रत्येक गोष्टीत एहसान, म्हणजे उत्तम रीत, अनिवार्य केली आहे. प्राण घेतानाही ती सुटत नाही. आणि प्रत्यक्ष बालकावर झडप पडलेली असेल तर आई-बापाने हाती येईल त्या साधनाने त्याला वाचवावे. तेथे शंकेला जागा नाही.

यातील एकही उपाय एका घराने करून पुरत नाही. दहा घरांनी डबे झाकले आणि अकराव्याने अन्न उघडे टाकले, तर कायोटी त्या गल्लीत येणारच. म्हणून शेजाऱ्यांशी बोलावे, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. परक्या देशात मुस्लिम कुटुंबाची ओळख अशा साध्या कामातूनही घडत असते.

शेवटी मुलांविषयी एक शब्द. मांजर गमावलेले मूल रडत रडत विचारते, अल्लाहने असा दुष्ट प्राणी का निर्माण केला? त्या वेळी त्याच्या मनात द्वेष पेरू नका आणि त्याचे दुःख हसण्यावारीही नेऊ नका. त्याला जवळ घ्या. त्याला सांगा की, तो प्राणी दुष्ट नाही, तो भुकेला होता. आपली मांजर आपल्याकडे सोपविलेली होती आणि तिला रात्री घरात घेणे हे आपले काम होते. हे उत्तर अवघड आहे, कारण त्यात बोट आपल्याकडे वळते. परंतु ज्या मुलाला हे उत्तर मिळेल, ते मोठेपणी कोणत्याही दुर्बल जिवाची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणार नाही. तुम्हांपैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि आपल्या कळपाविषयी त्याला विचारले जाईल, या हदीसचा अर्थ त्याला पुस्तकाशिवाय कळलेला असेल.

अल्लाह आपल्या मुलाबाळांचे व आपल्या आश्रयाला असलेल्या जिवांचे रक्षण करो, भयातही न्यायाने वागण्याची शक्ती आपल्याला देवो आणि त्याच्या कोणत्याही निर्मितीवर आपल्या हातून अन्याय न घडो. आमीन.